सुकेसादा, पण कोणता?

जपानी तलवार कोणी घडवली हे शोधायचं असेल, तर तिच्यावर कोरलेलं नाव सगळ्यात शेवटी वाचावं. आमच्या घरातल्या तलवारीपायी माझं हे मत पक्कं झालं. आधी पात्याचा बाक बघावा, मग धारेचं पाणी, मग मुठीखाली दडलेल्या लोखंडावरच्या कानशीच्या रेघा आणि तिथला गंज. या सगळ्यांची साक्ष जुळली की मग नावाकडे वळावं.

मी दापोलीकडचा. नोकरी आयटीआयमध्ये झाली, फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक म्हणून. फिटरच्या पोराच्या हातात सगळ्यात आधी कानस येते. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, कानस मारायची, गुण्या लावून उजेडाकडे धरून बघायचं. ट्रेमध्ये जॉब पडलेले असायचे आणि एखाद्यावर नंबर पंच केलेला नसायचा, तरी तो कोणाचा हे रेघांवरून सांगता यायचं. कोणाची कानस उजवीकडे ओढते, कोणी शेवटाला जोर देतो, कोणाच्या जॉबला मधे पोट राहतं. हात लपत नाही. पाचशे वर्षांपूर्वीच्या जपानी लोहाराचाही लपत नाही हे जेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा झालेला आनंद मला अजून पुरतोय.

तलवार आजोबांची. ते मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. दापोलीला जुनी माणसं अजून ‘कॅम्प’ म्हणतात. इंग्रजांच्या काळातली ही लष्करी छावणी, आणि आसपासच्या वाड्यांमधून पलटणीत जायची रीत पिढ्यानपिढ्यांची. १९४५ साली जपान शरण आला, तेव्हा आग्नेय आशियाचा सरसेनापती माउंटबॅटन याने आग्रह धरला की जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी रीतसर, सगळ्यांच्या देखत स्वाधीन करायच्या. अशा तलवारींचे ढीग लागले. त्यातली एक आजोबांना त्यांच्या साहेबाने दिली, असं घरात सांगतात. ती ट्रंकेत घालून त्यांनी मुंबईपर्यंत रेल्वेने आणि तिथून बोटीने हर्णै बंदरात आणली.

मग ती माळ्यावर राहिली आणि दरवर्षी खंडेनवमीला खाली येत राहिली. पूजेआधी पातं चिंच आणि राखेने घासलं जायचं, मग हळदकुंकू, झेंडूची माळ. घरच्यांनी हे श्रद्धेने केलं आणि त्या श्रद्धेमुळेच तलवार घरात टिकली, भंगारात गेली नाही. पण राखेने पात्याचा वरचा तजेला गेला. सुदैव एवढंच की मूठ कोणी कधी उघडली नाही. तलवारीची ओळख मुठीच्या आत असते, आणि तिथे राख पोचलीच नाही.

बाहेरून बघणाऱ्याला ती सरळसरळ लष्करी तलवार वाटते. म्यान धातूचं, त्यावर कातडं. पितळी साजावर चेरीची फुलं. ही १९३८च्या नमुन्याची, जपानी सैन्यातल्या अधिकाऱ्यांची. मुठीला बांधलेला गोंडा तपकिरी आणि निळा आहे. त्यावरून ती लेफ्टनंट किंवा कॅप्टन दर्जाच्या माणसाची ठरते; त्यावरच्यांचा गोंडा तपकिरी-लाल आणि जनरलचा तपकिरी-सोनेरी असे. मुठीच्या वेटोळ्या फितीखाली पांढरं, दाणेदार काहीतरी दिसतं. हर्णैच्या मासळी लिलावात उमर गेलेल्या आमच्या एका मित्राने बोट फिरवून लगेच सांगितलं, “ह्ये पाकटाचं कातडं.” अगदी बरोबर. जपानी मुठींना पाकटाचं कातडं लावायची रीत फार जुनी. हात घामाने ओला झाला तरी पकड सुटत नाही.

युद्धकाळात अधिकाऱ्यांसाठी कारखान्यांत तलवारी ढिगाने तयार झाल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींचं पोलाद गिरणीचं, पाणी तेलात दिलेलं. अशांच्या मुठीखाली छोटा ठसा मारलेला असतो. पण अधिकाऱ्याला तलवार स्वतःच्या पैशाने घ्यावी लागे, आणि ज्याच्या घरात वाडवडिलांचं पातं असे तो त्यालाच लष्करी मूठ चढवून घेई. म्हणून अशी तलवार हातात आली की पहिला प्रश्न: आतलं पातं मुठीच्या वयाचं, की तिच्या पणज्याच्याही पणज्याच्या वयाचं?

मूठ उघडायला मी फाल्गुन गाठला. पावसाळ्यात आमच्याकडे दारं फुगून चौकटीत बसतात, तर मुठीच्या आतलं लाकूडही फुगणारच. मूठ आणि पातं एकत्र धरून ठेवते ती बांबूची एक खुंटी. तिला जपानीत मेकुगी म्हणतात. तिचं एक टोक बारीक असतं. त्या बाजूने पितळी पंचाने हलकेच ठोकलं की ती दुसरीकडून बाहेर येते. मग मूठ डाव्या हातात घट्ट धरायची, पातं किंचित तिरकं उभं ठेवायचं आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोसे द्यायचे. पातं आपणहून टिचभर वर उसळतं. ओढायचं नाही, फिरवायचं नाही, डब्ल्यूडीसारखं गंज सोडवायचं तेल फवारायचं नाही.

आतून निघालं ते लोखंड काळं होतं. मुठीत जाणाऱ्या या भागाला नाकागो म्हणतात. त्याला कधी पॉलिश करत नाहीत. मूळ लोहाराने कानस मारून सोडून दिलेला तो भाग, आणि त्यावर चढणारा गंज हेच त्याचं वय. नवा गंज नारिंगी आणि भुसभुशीत, बोटाला लागतो. हा काळपट तपकिरी, गुळगुळीत आणि घट्ट होता, बोटाला काही लागलं नाही. कोणाच्या घरी अशी तलवार असेल तर कळकळीने सांगतो: हा गंज काढू नका. नावाच्या खाचा चांगल्या दिसाव्यात म्हणून लोक सँडपेपर मारतात आणि ज्याच्या जोरावर वय ठरायचं तेच खरवडून टाकतात. जाणकार त्या तलवारीला मग हातही लावत नाही.

भिंग लावून रेघा पाहिल्या. आडव्या, पण किंचित उतरत्या. एका बाजूला झुकलेल्या, सारख्या अंतराच्या. जपानात प्रत्येक घराण्याची कानस मारायची पद्धत ठरलेली असे. कोणी अगदी आडवी मारत, कोणी चांगलीच तिरकी, कोणी दोन दिशांनी मारून नक्षी उमटवत. १६०० नंतरच्या काळात तर वरच्या भागात शोभेच्या वेगळ्या रेघा मारायची पद्धत पसरली. इथे शोभा नाही. नेमका, घाईचा, सवयीचा हात. असा किंचित उतार ज्यांच्या कामात नेहमी दिसतो त्यांत बिझेन प्रांतातल्या ओसाफुने गावाचे उत्तर-मध्ययुगीन लोहार येतात. एवढ्यावर काही ठरत नाही, पण दिशा मिळते.

नाकागो आखूड होता, लष्करी मुठीच्या मानाने फारच. म्हणजे मूळ मूठ एका हाताने धरायची. पातं मोजलं. टोकापासून पाठीच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत ६३.६ सेंटीमीटर, जपानी मापात २ शाकु १ सुन. बाक टोकाकडे जास्त. आखूड नाकागो, बेताची लांबी आणि टोकाकडे सरकलेला बाक या तीन गोष्टी एकत्र आल्या की सोळाव्या शतकाची सुरुवात डोळ्यांपुढे येते. १४६७ ते १४७७ या काळात ओनिनचं युद्ध झालं आणि पुढे शंभर वर्षं जपान आपसांत लढत राहिला. घोड्यावरच्या सरदारापेक्षा पायी लढणाऱ्यांची संख्या वाढली. कमरेतून झटकन, एका हाताने उपसता येईल अशी तलवार हवी होती. आमच्या पात्याचा आकार त्या गरजेतून आला.

आता पाणी. आपल्याकडे लोहार ज्याला पोलादाला पाणी पाजणं म्हणतो, ते जपानी लोहार माती लावून करतो. पात्यावर चिकणमाती, कोळशाची पूड आणि दगडाची पूड यांचा लेप देतात. पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. मग सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात. धारेकडचा भाग झटक्यात थंड होऊन कडक होतो, पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. या दोन्हींच्या सीमेवर जी पांढुरकी रेघ उमटते ती हामोन. प्रत्येक घराण्याचा लेप द्यायचा हात वेगळा, त्यामुळे रेघही वेगळी. राखेने घासलेल्या पात्यावर ती दिसणं कठीण होतं. माजघर बंद करून एकच उघडा बल्ब लावला, पातं त्याच्याकडे रोखून तिरकं केलं आणि हळूहळू फिरवलं. मग ती दिसली. लाटांचे गोल डोंगर, आणि प्रत्येक डोंगराचं डोकं मधे फुटून दोन टोकं आत वळलेली. जपानी जाणकार या आकाराला खेकड्याची नांगी म्हणतात. सोळाव्या शतकातल्या ओसाफुनेची ती मोठी खूण. सीमेवरचे कणही बिझेनच्या रीतीप्रमाणे बारीक, धुक्यासारखे एकजीव. सुटे चमकणारे दाणे क्वचितच.

इथवर मी नाव वाचलेलंच नव्हतं. वाचता येतही नव्हतं म्हणा. पण पातं, पाणी, कानस, गंज सगळे एकाच गावाकडे बोट दाखवत होते.

नावासाठी भाचीला बोलावलं. ती पुण्यात जपानी शिकते. येण्याआधी मी ठसा काढून ठेवला होता, पतंगाचा पातळ कागद दोन्ही बाजूंनी ताणून त्यावर पेन्सिलचं शिसं आडवं घासून. लहानपणी नाण्याचा काढायचो तसाच. तिने बराच वेळ तो पाहिला.

“मामा, हे शाळेतलं जपानी नाही. छिन्नीने मारलंय, त्यामुळे वळणं तुटलीत.”

“अगं, मग घाई नको करूस. पहिलं अक्षर घे.”

पहिलं ‘बि’, दुसऱ्याचा एक कोपरा भोकाने खाल्लेला पण तो ‘श्यू’ असणार हे पहिल्यावरून उघड. बिश्यू म्हणजे बिझेन प्रांत. पुढे ओसाफुने. आणि मग नाव, सुकेसादा. तिने मोठ्याने वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. लोखंडाने जे सांगितलं होतं तेच नावाने सांगितलं.

दुसऱ्या बाजूला तारीख होती, आणि खरी गंमत तिथे होती. नाकागोला दोन भोकं होती. एक जुनं, किंचित वाकडं, कडा झिजलेल्या. हे हाताने पाडलेलं. दुसरं तंतोतंत गोल, कडा तीक्ष्ण, आत गंज कमी. हे ड्रिलने पाडलेलं, म्हणजे लष्करी मूठ चढवतानाचं. आखूड नाकागो लांब मुठीत बसवायचा तर खुंटीची जागा बदलावी लागली असणार. हे नवं भोक नेमकं काळाच्या नावातल्या दुसऱ्या अक्षरावर पडलं होतं. उरलं ते असं: ‘एइ’, मग भोक, मग दहा, पाच, वर्ष, आठवा महिना, दिवस.

जपानी तारखेत सनाऐवजी राजवटीतल्या काळाचं नाव आणि त्या काळातलं कितवं वर्ष ते लिहितात. ‘एइ’ने सुरू होणारे काळ जपानच्या इतिहासात बरेच होऊन गेले. ओसाफुनेच्या या शैलीत बसणारे दोन, एइशो १५०४ ते १५२१ आणि एइरोकु १५५८ ते १५७०. पन्नास वर्षांचा फरक. भाची म्हणाली, “मामा, ओएइ नावाचाही काळ आहे. त्यातही हेच ‘एइ’ आहे आणि तो पस्तीस वर्षं चालला.” पण ओएइमध्ये ‘एइ’ दुसरं अक्षर. आमच्या तारखेत ते पहिलं आहे, त्याच्या वर मोकळं लोखंड आणि जुन्या रेघा अखंड. तेव्हा ओएइ बाद. आणि एइरोकुची वर्षं तेरा. पंधरावं वर्ष त्यात येतच नाही. ‘एइ’ने सुरू होणारा आणि पंधराव्या वर्षापर्यंत पोचलेला काळ एकच, एइशो. त्याचं पंधरावं वर्ष म्हणजे इसवी सन १५१८. भोकाच्या खालच्या कडेला एक आडवी रेघ वाचली आहे. ‘शो’ या अक्षराच्या तळाला तशीच लांब आडवी रेघ असते. ड्रिल मारणाऱ्याने अक्षर खाल्लं, पण आकडा सोडला, आणि आकड्याने अक्षर परत दिलं.

आठवा महिना वाचून अचंबा वाटायचं कारण नाही. त्या काळातल्या ओसाफुनेच्या तलवारींवर दुसरा किंवा आठवा महिनाच बहुतेक वेळा असतो. पाणी पाजण्यासाठी वसंत आणि शरदातलं पाणी योग्य मानलं जाई, असं कारण सांगतात.

आता नाव खरं कशावरून? जपानी तलवारींवर खोट्या नावांचं पीक फार जुनं आहे. कोतेत्सु या नामवंत लोहाराचं नाव दिसलं की आधी खोटंच समजावं अशी तिथे म्हणच आहे. आपल्याकडच्या फिरंग, म्हणजे युरोपी पात्याच्या, तलवारी बघितलेल्यांना हे नवं नाही. आंद्रेआ फेरारा हे नाव युरोपातल्या असंख्य पात्यांवर मारलं गेलं आणि त्यांतली काही हिंदुस्थानात मराठा मुठींतही बसली. मी खाचांमध्ये भिंग लावून बसलो. नंतर कोरलेलं नाव जुना गंज फोडून आत जातं, खाचेचा तळ आणि बाहेरचा पृष्ठभाग यांचा रंग जुळत नाही. इथे दोन्हीकडचा गंज एकसारखा. छिन्नीने बाजूला सरलेल्या धातूची कडही तितकीच झिजलेली. आणि खोटं नाव मारणारा मोठं नाव मारतो. सुकेसादा हे त्या गावातलं सगळ्यात जास्त आढळणारं नाव. नुसतं सुकेसादा कोरून कोणाची किंमत फारशी वाढत नव्हती.

पण मग नेमका कोणता सुकेसादा? इथे मी थांबतो. सुकेसादा नावाचे लोहार डझनांनी नोंदलेले आहेत. योसोझाएमोननोज्यो, हिकोबेईनोज्यो, गेंबेईनोज्यो असं स्वतःचं नाव जोडून, प्रांताचं नाव पूर्ण लिहून जे पातं येतं ते बहुधा कोणासाठी तरी खास घडवलेलं. त्यांतला योसोझाएमोननोज्यो सर्वांत श्रेष्ठ मानला जातो आणि तो याच काळातला. आमच्या पात्यावर त्रोटक ‘बिश्यू’ आणि नुसतं सुकेसादा. अशी पाती बहुतेक युद्धाच्या मागणीसाठी एकामागून एक तयार झालेली असतात. एकाने बडवलं, दुसऱ्याने लेप दिला, कोणा तिसऱ्याने कानस मारली आणि घराचं नाव कोरलं. काही मित्र म्हणतात, योसोझाएमोन म्हणून सांग ना, साल तर जुळतं. मी सांगणार नाही. ज्याने आपलं नाव घातलं नाही त्याच्यावर दुसऱ्याचं थोर नाव लादणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आमच्या पात्यावर कानस मारणारा तो माणूस मला कोणत्याही थोर नावापेक्षा जवळचा वाटतो. त्याचा झटका मला ओळखू येतो.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. ओसाफुने योशिई नदीच्या काठी, आजच्या ओकायामा प्रांतात. जपानने राष्ट्रीय ठेवा ठरवलेल्या तलवारींत बिझेनचा वाटा सगळ्यात मोठा. १५९०च्या सुमारास योशिईला महापूर आला आणि लोहारांची ती वस्ती वाहून गेली, असं परंपरा सांगते. त्यानंतर गावाला ते दिवस परत आले नाहीत. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीने चिपळूणचं काय केलं ते मी पाहिलंय. गाळाने भरलेल्या वर्कशॉपमधून लेथ उपसताना माणसं कशी गप्प असतात तेही. शिकलेले हात एका रात्रीत वाहून जाणं म्हणजे काय, ते मला पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही.

आणि १५१८ म्हणजे आमच्याकडे काय? दहा वर्षांपूर्वी, १५०८च्या डिसेंबर अखेरीला, पोर्तुगीज आल्मेइदाने आमच्या तालुक्यातलं दाभोळ जाळलं होतं. तेच पोर्तुगीज १५४३मध्ये तानेगाशिमा बेटावर बंदूक घेऊन पोचले आणि जपानची लढाईच बदलली.

टोकियोच्या तलवार संस्थेकडून प्रमाणपत्र मिळतं, पण त्यासाठी पातं तिथे न्यावं लागतं. तो विचार सध्या नाही. पातं इथल्या कोणा ग्राइंडिंगवाल्याकडे पॉलिशला देणार नाही हेही घरात ठरलं आहे. खंडेनवमीची पूजा होते, फक्त हळदकुंकू आता म्यानाला. पात्याला पातळ तेलाचा हात, तोही मऊ सुती कापडाने, आणि खोबरेल अजिबात नाही. ते चिकटतं आणि आमच्या दमट हवेत खालून गंज धरतं.

खेड, मंडणगड, पोलादपूर, महाड या पट्ट्यात पलटणीतल्या माणसांच्या घरी अशा आणखी तलवारी असतील. असेल तर फोटो पाठवताना मूठ काढलेल्या लोखंडाच्या दोन्ही बाजूंचे पाठवा, टोक वर आणि नाकागो खाली अशा उभ्या स्थितीत, उजेड एका बाजूने तिरका, फ्लॅश बंद. अक्षरांवर खडू, पीठ, रांगोळी काही भरू नका. शेजारी पट्टी ठेवा. आणि भोकं किती आहेत ते नक्की दिसू द्या.